घरी लायपोसोमल व्हिटॅमिन सी: प्रमाण, कृती आणि खरंच किती ‘आत’ जातं

रसायनी

नेटवर फिरणारी कृती बहुतेकांनी पाहिली असेल. तीन टेबलस्पून लेसिथिन (सोया किंवा सूर्यफुलातून मिळणारा स्निग्ध पदार्थ) एक कप पाण्यात भिजवा, एक टेबलस्पून व्हिटॅमिन सी अर्धा कप पाण्यात विरघळवा, दोन्ही एकत्र करून दागिने किंवा चष्मे धुवायच्या अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये फिरवा, झालं. असं मिश्रण बिघडलेलं नसेल तर प्यायला हरकत नाही. पण लायपोसोमल (म्हणजे लेसिथिनच्या सूक्ष्म पिशव्यांत, लायपोसोममध्ये, कोंडलेलं) म्हणावं इतकं व्हिटॅमिन त्यात पडद्याआड जात नाही. कृतीचा क्रमच उलटा आहे, म्हणून हा धागा.

थोडं तत्त्व आधी. लेसिथिनमधल्या फॉस्फोलिपिडच्या रेणूला पाण्याकडे ओढ घेणारं एक डोकं असतं आणि पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या. पाण्यात पडल्यावर हे रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर अशा दुहेरी पडद्यांत रचले जातात आणि ते पडदे वळून बंद पिशव्या होतात. केंब्रिजजवळच्या बाब्राहमच्या संशोधन संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात हेच पाहिलं. पिशवी बंद होते त्या क्षणी भोवती जे पाणी असेल तेच आत कोंडलं जातं. लेसिथिन साध्या पाण्यात भिजवलंत तर पिशव्यांत साधं पाणीच भरतं. नंतर ओतलेलं व्हिटॅमिन बाहेरच राहतं; मशिनच्या धक्क्याने ज्या पिशव्या फुटून पुन्हा जुळतील त्यांच्यातच काय ते शिरेल.

म्हणून क्रम असा: आधी व्हिटॅमिनचं द्रावण, मग त्याच द्रावणात लेसिथिन.

साधारण १९० मिलि तयार होईल असं प्रमाण:
अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (फूड किंवा आयपी, म्हणजे औषधी, ग्रेड) २० ग्रॅम
खाण्याचा सोडा ९.४ ग्रॅम
डिस्टिल्ड पाणी १४० मिलि
तेल काढलेलं सूर्यफूल किंवा सोया लेसिथिन, पावडर ३० ग्रॅम

चमच्याने मोजू नका. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. लेसिथिनची पावडर चमच्यात कधी दाबून बसते, कधी भुसभुशीत राहते आणि तेवढ्यात फरक पडतो.

सोडा कशाला? अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचं द्रावण फार आंबट असतं, पाच टक्क्यांचं असेल तर पीएच अडीचच्या खालीच. इतक्या आम्लात फॉस्फोलिपिडच्या शेपट्या हळूहळू तुटतात. हे तुटणं सर्वांत कमी असतं ते पीएच साडेसहाच्या आसपास. सोड्याने आम्लाचं सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट होतं. हिशेब सरळ आहे: १७६ ग्रॅम आम्लाला ८४ ग्रॅम सोडा, म्हणजे २० ग्रॅमला ९.५४. आपण किंचित कमी घालतो, म्हणजे पीएच सातच्या वर चढत नाही.

पाण्यात आधी आम्ल हलवून घ्या (सगळं लगेच विरघळलं नाही तरी चालेल), मग सोडा चिमूट चिमूट टाका. या प्रमाणात पावणेतीन लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे भांडं लिटरभराचं, उंच आणि काचेचं हवं. एकदम ओतलात तर निम्मं ओट्यावर जाईल. फेस पूर्ण बसल्यावर पीएचची पट्टी बुडवा. सहा ते सात हवा.

आता लेसिथिन वरून भुरभुरत टाका, काचेच्या कांडीने बुडवा, झाकण लावा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी साबुदाणा भिजल्यासारखे कण फुगून मऊ झालेले दिसतील. तेव्हा लाकडी रवीने किंवा हँड ब्लेंडरच्या सर्वांत कमी वेगावर दोन मिनिटं घुसळा. मिक्सरच्या भांड्यात नको. त्यात हवा कोंडते आणि मिश्रण तापतं, आणि व्हिटॅमिन सीला ही दोन्ही नकोत. फेस बसायला तासभर द्या. मशिनची पाळी त्यानंतर. त्याबद्दल खाली वेगळं लिहिते.

सोनचाफा

रसायनीताई, पाणी कुठलं घ्यायचं? आमच्याकडे आरओ आहे. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी पेट्रोल पंपावर स्वस्त मिळतं, ते चालेल का? आणि लेसिथिन बेकरीच्या दुकानात मधासारखं घट्ट मिळालं, त्याचं प्रमाण काय धरू?

रसायनी

बॅटरीचं पाणी पोटात घ्यायचं नाही. त्यात क्षार कमी असतात, पण ते भरताना, साठवताना कुणी खाण्याच्या दर्जाची काळजी घेत नाही. औषधांच्या दुकानात ‘स्टेराइल वॉटर फॉर इंजेक्शन’ मिळतं, ते घ्या. आरओच्या पाण्यात थोडे क्षार उरतातच, आणि नळ-टाकीतून लोह-तांब्याचा अंश आला तर व्हिटॅमिन सी झपाट्याने ऑक्सिडाइज होतं. त्यातही तांबं सगळ्यांत वाईट. तांब्याच्या कळशीतलं पाणी, पितळेचं भांडं, कल्हई उडालेलं पातेलं यातलं काहीही जवळ आणू नका. काच सर्वांत बरी.

बेकरीतलं मधासारखं लेसिथिन म्हणजे द्रव लेसिथिन. त्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग तेल असतो. त्या तेलामुळे पिशव्यांऐवजी तेलाचे थेंब होतात, म्हणजे मेयोनीजच. केक-चॉकलेटला ते उत्तम, या कामाला नाही. पाकिटावर ‘डीऑइल्ड’ लिहिलेली पावडर किंवा दाणे हवेत. नाकानेही तपासा: ताजं लेसिथिन भाजल्या डाळीसारखं मंद वास देतं, जुन्या शेंगदाण्याचा खवट वास आला तर परत करा.

मिलिमोल

क्रम दुरुस्त केलात हे फार चांगलं झालं. आता ‘किती आत जातं’ याचं गणित मांडतो, कारण ७०-८० टक्के आत जातं असे दावे सर्रास दिसतात.

व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं, पडद्यात नाही. त्यामुळे ते पिशवीत जातं ते निव्वळ आकारमानाच्या वाट्याने. एकूण पाण्यापैकी जितकं पाणी पिशव्यांच्या पोटात, साधारण तितकंच व्हिटॅमिन आत. यापलीकडे आत खेचणारी कुठलीच ओढ नाही.

पिशव्यांच्या पोटात किती पाणी मावतं हे लिटर प्रति मोल लिपिड असं मोजतात. कांद्यासारख्या अनेक पापुद्र्यांच्या मोठ्या पिशव्यांत साधारण १ ते ४. एकाच पडद्याच्या अगदी लहान, २५-५० नॅनोमीटरच्या पिशव्यांत मात्र ०.५ ते १.

तुमच्या प्रमाणात ३० ग्रॅम लेसिथिन आहे. तेल काढलेल्या लेसिथिनमध्येही सगळं फॉस्फोलिपिड नसतं. ग्लायकोलिपिड आणि साखरा असतात. दोन तृतीयांश धरू: २० ग्रॅम. सरासरी रेणूभार ७७० धरला तर ०.०२६ मोल. खारट द्रावणात पापुद्रे एकमेकांजवळ दबून बसतात म्हणून मी १ ते २ लिटर प्रति मोलच धरतो. म्हणजे पिशव्यांच्या पोटात २६ ते ५२ मिलि. एकूण १९० मिलिपैकी १४ ते २७ टक्के.

नेटवरच्या कृतीत २४ ग्रॅमच्या आसपास लेसिथिन आणि ३६० मिलि पाणी. तिथे क्रम बरोबर ठेवला तरी ५ ते १० टक्क्यांच्या वर जाणं कठीण.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: आतला वाटा वाढवायचा तर लेसिथिनचं पाण्याशी प्रमाण वाढवा. पण २० टक्क्यांच्या पुढे मिश्रण श्रीखंडासारखं घट्ट होतं आणि अशा घरगुती मशिनच्या लहरी त्यात पोचतच नाहीत. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही: मशिन जास्त चालवलं म्हणजे जास्त व्हिटॅमिन आत जातं असं नाही. पिशव्या जितक्या लहान, तितकं त्यांचं पोट लहान. द्रावण पारदर्शक होईपर्यंत चालवण्याच्या नादात आतला वाटा उलट घटतो.

टिटवी

मग मशिन लावायचंच कशाला? भिजवून घुसळलं की झालं ना?

मिलिमोल

नुसतं भिजवून घुसळल्यावर पिशव्या तयार होतातच. पण त्या कित्येक मायक्रोमीटरच्या असतात, दोन दिवसांत वर-खाली थर धरतात आणि चमच्यागणिक डोस बदलतो. मशिनचं काम त्यांना फोडून एकसारख्या लहान करायचं, म्हणजे तरंगत राहतील. टिकाऊपणा आणि आतला वाटा यांची इथे ओढाताण आहे, म्हणून मध्येच थांबायचं.

रसायनी

मशिनबद्दल सविस्तर.

घरगुती क्लीनर बहुतेक ०.६ लिटरचा, ३५ ते ५० वॅटचा आणि ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा असतो. औषध कंपन्या प्रोब सोनिकेटर किंवा शेकडो बारच्या दाबाचे होमोजिनायझर वापरतात. नाहीतर १०० नॅनोमीटर भोकांच्या पडद्यातून मिश्रण दाबून काढतात. ती ताकद या डब्यात नाही हे धरूनच चला.

मिश्रण थेट टाकीत ओतू नका. कॅव्हिटेशनमुळे (लहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटण्यामुळे) टाकीचा पत्रा झिजतो आणि त्यातलं लोह-क्रोमियम मिश्रणात उतरतं. टाकीत साधं पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि मिश्रण बोरोसिलिकेट काचेच्या पातळ बीकरमध्ये. जाड तळाच्या जॅमच्या बरणीतून लहरी नीट जात नाहीत. बीकर तळाला टेकवू नका, तारेच्या जाळीत लोंबकळत ठेवा, आणि आतली-बाहेरची पातळी सारखी ठेवा. एका वेळी ९०-९५ मिलिच घ्या, म्हणजे वरचं प्रमाण दोन खेपांत.

आधी टाकीतलं पाणी रिकामंच दहा मिनिटं चालवा. नव्या पाण्यात हवा विरघळलेली असते, ती निघून गेली की आवाज बदलतो: सुरुवातीचा फसफस आवाज जाऊन एकसुरी चरचर ऐकू येते. मग स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी टाकीच्या मधोमध उभी धरा, एक मिनिट. बाहेर काढून उजेडासमोर धरली की टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि त्यांच्याभोवती सुरकुतलेले खड्डे दिसायला हवेत. जिथे भोकं दाट, बीकर तिथे. पट्टी जशीच्या तशी निघाली तर ते मशिन या कामाचं नाही, किती वेळ चालवलं तरी.

पाच मिनिटं चालवा, पाच मिनिटं थांबा, कांडीने हलवा. अशा सहा फेऱ्या. टाकीत थर्मामीटर ठेवा. ३५ अंशांच्या वर गेलं की बर्फाचे दोन खडे. सोया-सूर्यफुलाच्या लेसिथिनचे पडदे शून्याच्या खालीसुद्धा पातळ, वाहते असतात, त्यामुळे त्यांना मऊ करायला गरम करायची काहीच गरज नाही. ६० अंशांवर गरम करा असं लिहिलेलं असतं ते हायड्रोजनेटेड लेसिथिनसाठी. इथे त्या उष्णतेने व्हिटॅमिन मरतं, एवढंच.

शेवटी काय दिसावं: सुरुवातीला पातळ ताकासारखं, दाणेदार. सहा फेऱ्यांनंतर एकसंध दुधी. काचेच्या ग्लासात थेंबभर मिश्रण पाण्यात मिसळून काळ्या कपड्यासमोर धरलं तर तांदळाच्या धुवणासारखं, किंचित निळसर. एवढं पुरे.

कातळशिल्प

काही व्हिडिओंमध्ये तपासणी दाखवतात: तयार मिश्रणात सोडा टाका, फेस आला नाही तर व्हिटॅमिन ‘आत’ गेलं. ही चाचणी विश्वासार्ह आहे का? दुसरी एक, तीन दिवसांत थर धरला नाही तर लायपोसोम झाले.

मिलिमोल

दोन्ही टाकून द्या. वरच्या कृतीत आम्ल आधीच सोड्याने निवलेलं आहे, तेव्हा आत एक टक्का असो की वीस, सोडा टाकून काहीच होणार नाही. आम्लाच्या कृतीतही ती फसवी आहे: घट्ट मिश्रणात बुडबुडे सावकाश येतात, बाहेरचा सोडा कमी पडतो, आणि माणूस समजतो आम्ल आत दडलं. थर न धरणं म्हणजे इमल्शन (एकजीव दुधी मिश्रण) टिकलं, इतकंच. लेसरचा किरण दिसणं हीसुद्धा चाचणी नाही; तो दुधातही दिसतो.

खरं मोजायचं तर बाहेरचं व्हिटॅमिन धुऊन काढून आतलं उरलेलं मोजावं लागतं. घरी जमण्यासारखं आहे, चिकाटी हवी.

पहिल्यांदा एकूण व्हिटॅमिन. औषधाच्या दुकानातलं १० टक्के पोव्हिडोन आयोडीन द्रावण घ्या, मलम नको. त्यात उपलब्ध आयोडीन १ टक्का, म्हणजे मिलिला १० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ६.९ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सीचा हिशेब. ते दहापट पातळ करा: आता १ मिलि म्हणजे ०.६९ मिलिग्रॅम. पण बाटलीतल्या आयोडीनचं प्रमाण थोडं वर-खाली असतं, म्हणून आधी ताज्या अ‍ॅस्कॉर्बिक आम्लावर जुळवून घ्या. १०० मिलिग्रॅम पावडर १०० मिलि पाण्यात, त्यातलं १० मिलि (म्हणजे १० मिलिग्रॅम), त्यात गाळलेली तांदळाची पेज एक चमचा. आयोडीन सिरिंजने थेंबाथेंबाने. निळा-काळा रंग हलवूनही वीस सेकंद टिकला की थांबा. साडेचौदा मिलिच्या आसपास लागायला हवं. जे लागेल त्याने १० ला भागा, तो तुमच्या बाटलीचा आकडा.

मग आपलं मिश्रण १ मिलि, १०० मिलिपर्यंत पातळ करून त्यातलं १० मिलि, तसंच. २० ग्रॅम पूर्ण शाबूत असेल तर १५ मिलि लागेल. लेसिथिनच्या शेपट्याही हळूहळू आयोडीन खातात, म्हणून काम भरभर उरका, आणि नुसत्या लेसिथिनच्या पाण्यावर एकदा तोच प्रयोग करून तेवढा आकडा वजा करा.

टिटवी

आणि आतलं?

मिलिमोल

डायलिसिसची नळी लागते, म्हणजे लहान रेणू बाहेर सोडून मोठ्या पिशव्या आत धरणारी, १२-१४ किलोडाल्टनची (रेणूच्या आकाराची मर्यादा), प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते. १० मिलि मिश्रण नळीत, दोन्ही टोकं बांधून, अर्ध्या लिटर मिठाच्या पाण्यात. साध्या पाण्यात टाकलंत तर पिशव्या पाणी ओढून फुगतात आणि फुटतात. आपल्या द्रावणाच्या तोडीचं पाणी म्हणजे लिटरला सुमारे ४० ग्रॅम मीठ. आयोडीनयुक्त मीठ नको, सैंधव घ्या. शेजारी दुसऱ्या नळीत लेसिथिनशिवायचं तेवढंच अ‍ॅस्कॉर्बेटचं द्रावण. दोन्ही फ्रीजमध्ये, अधूनमधून हलवत, सहा तास, मध्ये एकदा मिठाचं पाणी बदलून.

मग दोन्ही नळ्यांतलं १-१ मिलि काढा, ५ मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा म्हणजे पडदे विरघळतील, ५० मिलि पाणी घाला आणि आयोडीनने मोजा. लेसिथिनच्या नळीत जितकं जास्त उरलं तो आतला वाटा. बिनलेसिथिनच्या नळीत जवळपास शून्य यायला हवं; नाही आलं तर अजून धुवा. तपासलेला नमुना फेकून द्यायचा, परत बाटलीत नाही.

हे एकदा केलंत की मशिनच्या तीन, सहा आणि बारा फेऱ्यांची तुलना आकड्यात दिसते. मग किती फेऱ्या द्यायच्या हे कुणाला विचारायला नको.

नाशिककर

टिकवण्याबद्दल. सोडियम बेंझोएट घालून महिनाभर टिकवतात असं वाचलं. फ्रीजरमध्ये ठेवलं तर?

रसायनी

नाशिककर, बेंझोएट तर अजिबात घालू नका. बेंझोएट आणि व्हिटॅमिन सी एकत्र आले की, विशेषतः धातूचा अंश, उष्णता आणि उजेड असेल तर, बेंझीन तयार होतं. सरबतं-शीतपेयांच्या उद्योगाला हा प्रश्न जुनाच आहे. पोटॅशियम सॉर्बेट पीएच सहाच्या वर जवळपास निकामी, तेव्हा त्याचाही उपयोग नाही.

या मिश्रणाला घरी टिकवणारं काही नाही, आणि पीएच सातच्या जवळचं, लेसिथिन असलेलं पाणी म्हणजे जिवाणूंना खाऊच. उकळून निर्जंतुक केलेली गडद रंगाची काचेची बाटली, काठोकाठ भरून, दाराच्या कप्प्यात नव्हे तर फ्रीजच्या आतल्या बाजूला. सात दिवस, त्यापुढे नाही. म्हणून एका वेळी निम्मंच प्रमाण करा.

रंगावर लक्ष ठेवा. लेसिथिनमुळे फिकट पिवळसर असतंच, पण पिवळ्याकडून तपकिरीकडे गेलं तर व्हिटॅमिन तुटलंय. आधी डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल होतं, ते शरीर अजून वापरू शकतं. त्याच्या पुढचं डायकीटोग्युलॉनिक आम्ल झालं की परतीची वाट नाही. आंबूस वास, दोरीसारखी तार, बाटली उघडताना फुस्स आवाज यातलं काहीही असेल तर मोरीत ओता.

फ्रीजर नको. बर्फाचे स्फटिक पडदे चिरतात आणि आतलं बाहेर येतं. वितळल्यावर गुठळ्या दिसतात त्या त्याच.

मिलिमोल

पुस्तकात ‘फ्रीझ-थॉ’ने (गोठवून-वितळवून) आतला वाटा वाढतो असं वाचलं तर गोंधळू नका. तेही खरं आहे, पण ते मशिनच्या आधी करतात, द्रव नायट्रोजनमध्ये झटक्यात गोठवून. घरच्या फ्रीजरचं संथ गोठणं वेगळं.

सोनचाफा

चव सुधारायला आणि पिशव्या चांगल्या व्हायला ग्लिसरीन घालतात म्हणे. आणि काही जण लेसिथिन स्पिरिटमध्ये विरघळवतात.

रसायनी

स्पिरिट नाही म्हणजे नाही. सर्जिकल स्पिरिट आणि रंगकामाचं डिनेचर्ड स्पिरिट यांत पिण्यायोग्य नसावं म्हणून मुद्दाम विषारी पदार्थ घातलेले असतात, आणि घरी ते पूर्ण उडवता येत नाही.

ग्लिसरीनची पद्धत खरी आहे, पण ग्लिसरीन कुठलं हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव होतं, आणि लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. हे दोन द्रव दिसायला, चवीला, हाताला सारखेच. सुटं, कॅनमधलं, कॉस्मेटिकचं ग्लिसरीन पोटात जाणार नाही याची काळजी घ्या. या कृतीला त्याची गरजही नाही. चवीसाठी घेताना चमच्यात लिंबाचे चार थेंब पुरेत, बाटलीत नको.

कातळशिल्प

डोस आणि कुणी घेऊ नये, तेही इथेच लिहून ठेवा ना.

मिलिमोल

वरच्या प्रमाणात ५ मिलिमध्ये साधारण ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ६५-७० मिलिग्रॅम सोडियम येतं. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर हे सोडियम धरा.

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत रोजची गरज पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम आहे. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी असतं. साधी गोळीही २०० मिलिग्रॅमपर्यंत जवळपास पूर्ण शोषली जाते. एक ग्रॅमच्या पुढे निम्म्याहून कमी, कारण आतड्यातले वाहक भरून जातात. लायपोसोमचं आकर्षण तिथेच आहे. २०१६ च्या एका छोट्या चाचणीत, ११ जणांना ४ ग्रॅम देऊन, लायपोसोमलने रक्तातली पातळी साध्या व्हिटॅमिन सीपेक्षा जास्त चढली, पण शिरेतून दिलेल्याच्या खूप खाली राहिली. ते कारखान्यात बनलेलं उत्पादन होतं. घरच्या १४-२७ टक्क्यांना तो निकाल जसाच्या तसा लावू नका.

रोजची गरज भागवायची एवढाच हेतू असेल तर पेरू, आवळा, नाहीतर साधी गोळी दोनदा विभागून. हे माझं स्पष्ट मत आहे.

मुतखड्याची प्रवृत्ती, मूत्रपिंडाचा आजार, जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता, थॅलेसेमिया किंवा कुठल्याही कारणाने शरीरात साठलेलं लोह, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर सूर्यफूल लेसिथिन. मधुमेहींनी आणखी एक लक्षात ठेवा: जास्त व्हिटॅमिन सी असताना काही ग्लुकोमीटर साखर खोटी वाढलेली दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवणं धोक्याचं.

टिटवी

हीच कृती व्हिटॅमिन डीला आणि हळदीच्या कर्क्युमिनला लावता येईल?

मिलिमोल

ती दोन्ही तेलात विरघळणारी, म्हणून पिशवीच्या पोटात न जाता पडद्यातच बसतात. गणित वेगळं. कर्क्युमिनला वजनाने १०-२० पट लेसिथिन लागतं, आणि सोडा चालत नाही, कारण अल्कलीत कर्क्युमिन लाल होऊन तुटतं. आम्लाकडे झुकलेलं पाणी हवं. पाण्यात भिजवून ते पडद्यात नीट शिरतही नाही. तळाला पिवळी साय बसली की समजा ते बाहेरच राहिलं.

व्हिटॅमिन डी घरी करू नका. ४० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) म्हणजे १ मायक्रोग्रॅम. घरच्या काट्याची शेवटची पायरी, ०.०१ ग्रॅम, शुद्ध डीची असेल तर चार लाख आययू. तोलण्यातली एक चूक आणि महिनोन्‌महिने रक्तातलं कॅल्शियम चढलेलं. व्हिटॅमिन एचंही तेच.

नाशिककर

ओळखीच्यांना पैसे घेऊन बाटल्या दिल्या तर?

रसायनी

विकायचं म्हटलं की एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना, हेल्थ सप्लिमेंटचे नियम, लेबल, तपासणी हे सगळं आलं. सात दिवसांत खराब होणारी, जिवाणूंची तपासणी न झालेली बाटली दुसऱ्याच्या घरी, विशेषतः म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला देऊ नका, फुकटसुद्धा.

मिलिमोल

अल्ट्रासॉनिक बाथची (म्हणजे अशा क्लीनरची) थट्टा करणाऱ्यांसाठी एक नोंद. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने बुरशीच्या आजारांसाठी भारतीय लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी विकसित केलं. त्या भारतीय औषधात रुग्णाला देण्याआधी बाटली अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धरण्याची पायरी आहे. फरक इतकाच की तिथे शुद्ध फॉस्फोलिपिड आहे, निर्जंतुक बाटली आहे, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन पडद्यात बसणारा रेणू आहे. व्हिटॅमिन सी तसा नाही.

सोनचाफा

निम्म्या प्रमाणाचे आकडे नीट लिहून देता का? कागदावर उतरवून ओट्याजवळ चिकटवायचे आहेत.

रसायनी

आम्ल १० ग्रॅम, सोडा ४.७ ग्रॅम, पाणी ७० मिलि, लेसिथिन १५ ग्रॅम. अर्धा लिटरचं उंच भांडं. सोडा थोडा थोडा, फेस बसेपर्यंत थांबा, पीएच सहा ते सात. लेसिथिन, रात्रभर फ्रीज, दोन मिनिटं रवी, तासभर विसावा. बीकरमध्ये एकाच खेपेत मावेल. पाच मिनिटांच्या सहा फेऱ्या, ३५ अंशांच्या आत. बाटलीवर तारीख घाला.